दुसरी पदव्युत्तर पदवी आणि शाळेतले सातशे तास

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

सप्रेम नमस्कार. मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. आणि नंतर बी.एड. करून तिथल्या एका शाळेत नऊ वर्षे शिकवले. पाच वर्षांपूर्वी यजमानांच्या नोकरीमुळे नॉर्थ कॅरोलिनातील कॅरी येथे आले. माझ्याकडे एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावरचे वर्क परमिट आहे. मुलीच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून जाते तेव्हा तिथल्या कौन्सेलरचे काम पाहून हेच आपले काम, असे फार वाटते. पण चौकशी केली की पुन्हा मास्टर्स करा, असे उत्तर मिळते. हातात एक एम.ए. असताना एकोणचाळिसाव्या वर्षी दुसरी करणे शहाणपणाचे आहे का? काही ऑनलाइन अभ्यासक्रम कमी काळात लायसन्स मिळवून देण्याची भाषा करतात, त्यांच्यावर विश्वास ठेवावा का? दोन-तीन वर्षांत आम्हाला डॅलसला जावे लागण्याचीही शक्यता आहे. आणि एक धास्ती आहेच: माझे इंग्रजी उच्चार ऐकून इथली मुले माझ्यापाशी मन मोकळे करतील का?

एक वाचक, कॅरी

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते आणि मग सविस्तर बोलते. होय, दुसरी पदव्युत्तर पदवी घ्यावी लागेल, आणि तुमचे पत्र दोनदा वाचल्यावर ती तुम्ही घ्यावी असेच माझे मत झाले आहे.

अमेरिकेत शालेय समुपदेशकाला मान्यता देते ते त्या त्या राज्याचे शिक्षण खाते किंवा तत्सम सरकारी यंत्रणा. तुमच्या राज्यात तिला लायसन्स म्हणतात, टेक्सासमध्ये सर्टिफिकेट, कॅलिफोर्नियात क्रेडेन्शियल. नाव कोणतेही असले तरी जवळजवळ सगळीकडे तिचा आधार एकच असतो, तो म्हणजे शालेय समुपदेशनाचा, शाळेतील प्रत्यक्ष कामासह पूर्ण केलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम. तुमची पुण्याची एम.ए. वाया जात नाही. आपली बी.ए. तीन वर्षांची असल्यामुळे प्रवेशाच्या वेळी काही विद्यापीठे अडून बसतात, तिथे पुढची एम.ए. आणि बी.एड. जोडून केलेले पदव्यांचे मूल्यांकन ती अडचण बहुधा दूर करते. पण एम.ए.च्या त्या दोन वर्षांत आपण काय केले, हे जरा आठवून पाहा. सिद्धान्त शिकलो, चाचण्या घ्यायला शिकलो, संशोधनपद्धती शिकलो, प्रबंधिका लिहिली. एखादे रडवेले मूल समोर बसले आहे आणि आपण त्याच्याशी काय बोललो हे कोणी अनुभवी माणूस वाक्यावाक्याने तपासत आहे, असे त्यात घडले नाही. इथल्या अभ्यासक्रमाचा गाभा नेमका तोच आहे.

हे मी तिऱ्हाइताच्या अलिप्तपणाने लिहीत नाही. मीही भारतातली एम.ए. घेऊन इथे आले, आणि ‘पुन्हा मास्टर्स’ हे शब्द ऐकून मला अपमान झाल्यासारखे वाटले. विषयांमागून विषयांची सूट मागण्यात, अर्ज आणि अभ्यासक्रमांचे तपशील पाठवण्यात मी जवळजवळ एक वर्ष घालवले, आणि त्या वर्षाच्या शेवटी पदरात पडली ती संशोधनपद्धतीच्या एकाच विषयाची सूट. ते वर्ष तुमचे वाचावे, एवढ्यासाठी हे सांगितले.

समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी सीएसीआरईपी नावाची संस्था १९८१ पासून काम करते आहे. जाणकार मंडळी तिचा उच्चार ‘केकरेप’ असा करतात. तिच्या निकषांनुसार अभ्यासक्रम किमान ६० सेमिस्टर क्रेडिटांचा असतो. त्यात मानवी विकास, करिअर समुपदेशन, गटसमुपदेशन, मूल्यमापन, सांस्कृतिक ओळख, व्यावसायिक नीतिनियम असे विषय असतात, आणि नऊ वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला ते जड जाणार नाहीत. खरी कसोटी पुढे असते. आधी १०० तासांचे प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव, ज्यातले किमान ४० तास मुलांबरोबर प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. मग ६०० तासांची इंटर्नशिप, त्यात असे २४० तास. या सगळ्या काळात दर आठवड्याला सुपरव्हायझरसमोर बसून आपल्या कामाची उजळणी करावी लागते, आणि त्यासाठी अनेकदा पालकांच्या परवानगीने मुलांबरोबरच्या बैठकींचे ध्वनिमुद्रण करावे लागते.

माझ्या अशा एका बैठकीविषयी, तपशील बदलून, सांगते. सातवीतला एक मुलगा जेवणाच्या सुट्टीत कॅफेटेरियात जाईनासा झाला होता. बावीस मिनिटांच्या आमच्या संभाषणाचा मी शब्दन्‌शब्द लिहून काढला आणि बरेचसे समाधान मानून सुपरव्हायझरपुढे ठेवला. तिने पेन्सिल घेतली, माझ्या प्रत्येक प्रश्नाखाली एक रेघ ओढत गेली आणि कागद माझ्याकडे वळवला. चौदा रेघा होत्या. ‘झोप नीट लागते ना?’, ‘मित्र आहेत ना?’, ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ मराठीतला तो ‘ना’ मी इंग्रजीत ‘राइट?’ करून जसाच्या तसा आणला होता, आणि मुलाने चौदापैकी बहुतेक ठिकाणी ‘फाइन’ एवढेच म्हटले होते. तू त्याला उत्तर हातात देऊन मग प्रश्न विचारते आहेस, असे ती म्हणाली. एकोणिसाव्या मिनिटाला त्याने आपणहून सांगितले होते की तो डबा ग्रंथालयात खातो, कारण तिथे ‘या शनिवारी तू आईकडे की बाबांकडे’ असे कोणी विचारत नाही. आणि मी श्वासही न घेता उत्तर दिले होते की मी ग्रंथपालांशी बोलून तशी सोय करून देते. मुलाने दार किलकिले केले आणि मी ते लगेच सोयीसुविधेने बंद केले. पुढच्या आठवड्यात मी टेबलाखाली बोटांवर सातपर्यंत मोजत गप्प राहायला शिकले. सात अंक फार लांब असतात.

नऊ वर्षे शिकवलेल्या माणसाला हेच सर्वांत अवघड जाणार आहे, ताई, म्हणून यावर एवढा वेळ घालवते आहे. आपल्या ‘समुपदेशन’ या मराठी शब्दातच ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि शिक्षिका म्हणून तो करण्याची तुमची सवय चांगली मुरलेली असणार. तुमच्या मूळ पत्रात मुलीच्या शाळेतील प्रसंगाचे जे वर्णन आहे, त्यात ‘मी त्याला समजावले’ असे तीन वेळा आले आहे. समजावणे वाईट नव्हे, वर्गात ते लागतेच. पण मुलाने स्वतःचे म्हणणे शेवटपर्यंत नेण्याआधी समजावू लागण्याची घाई पुस्तक वाचून जात नाही. ती सातशे तासांत, कोणीतरी पेन्सिल घेऊन समोर बसल्यावर जाते. म्हणूनच दुसऱ्या पदवीकडे दंड म्हणून पाहू नये, असे मी मनापासून म्हणते.

यातूनच तुमच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या प्रश्नाचे उत्तर निघते. ऑनलाइन असणे हा दोष नव्हे. मान्यताप्राप्त आणि उत्तम असे काही अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत, आणि त्यांचीही इंटर्नशिप विद्यार्थ्याच्या गावच्या खऱ्या शाळेतच होते. पण जिथे लायसन्सची हमी आधी आणि शाळेचा विषय शेवटी येतो तिथे थांबावे. प्रवेश समन्वयकाला फोन करून विचारा की इंटर्नशिपची शाळा तुम्ही शोधून देता की विद्यार्थ्याने शोधायची, कॅरी ज्यात येते त्या वेक काउंटीच्या शाळांशी तुमचा करार आहे का, शाळेतली सुपरव्हायझर कोण असेल आणि ती स्वतः किती वर्षे शालेय समुपदेशक आहे. या प्रश्नांना ‘ते नंतर पाहू’ असे उत्तर आले, तर फी कितीही कमी असो, तिथे जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीला तिच्या विद्यापीठाने शेवटच्या वर्षी शाळा स्वतः शोधायला सांगितले आणि जवळच्या जिल्ह्यांनी करार नसल्याचे कारण देऊन नकार दिला. तिचे एक संपूर्ण सत्र केवळ दारे ठोठावण्यात गेले. तुम्ही राहता तो भाग याबाबतीत भाग्यवान आहे. रालेची नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटी, चॅपल हिल येथील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलिना आणि डरमची नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी, तिन्ही ठिकाणी समुपदेशक घडवण्याचे शिक्षण मिळते आणि तिन्ही तुमच्या घरापासून गाडीच्या अंतरावर आहेत. अर्ज करण्यापूर्वी त्या वर्षीची मान्यता सीएसीआरईपीच्या यादीत स्वतः पाहून घ्या.

डॅलसचा विचार आत्ताच करायला हवा. एका राज्याचे लायसन्स दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही. टेक्सासची शालेय समुपदेशकांसाठी स्वतःची वेगळी परीक्षा आहे, तर इतर अनेक राज्ये प्रॅक्सिस नावाची परीक्षा घेतात. मान्यताप्राप्त, ६० क्रेडिटांचा आणि ६०० तासांच्या इंटर्नशिपचा अभ्यासक्रम असला, तर राज्य बदलताना उरते ती बहुतेक वेळा परीक्षा, बोटांचे ठसे आणि कागदपत्रांची धावपळ. अभ्यासक्रम त्याहून तोकडा असेल तर नव्या राज्यात पुन्हा वर्गात बसण्याची वेळ येऊ शकते. आणि शक्य असेल तर इंटर्नशिपचे वर्ष घरबदलाच्या वर्षात येऊ देऊ नका. मधेच शाळा सोडली तर झालेले तास नव्या ठिकाणी धरले जातील याची शाश्वती नसते. घरात ही चर्चा आज करणे बरे.

तुमची एम.ए. मानसशास्त्रातली असल्यामुळे लोक तुम्हाला आणखी दोन वाटा सुचवतील. स्कूल सायकॉलॉजिस्ट हा वेगळा व्यवसाय आहे. त्यांचा बराच वेळ विशेष शिक्षणासाठीच्या चाचण्या आणि अहवालांत जातो आणि त्यांची इंटर्नशिप १२०० तासांची असते. दुसरी वाट क्लिनिकल समुपदेशनाची, जिचे लायसन्स शिक्षण खाते देत नाही तर राज्याचे स्वतंत्र मंडळ देते, आणि नॉर्थ कॅरोलिनात त्यासाठी पदवीनंतर देखरेखीखाली तीन हजार तास काम करावे लागते. तुमच्या पत्रात मुलांचे वर्णन जेवढ्या आवडीने आले आहे, तेवढे निदान किंवा उपचार यांचे आलेले नाही. शाळाच तुमची जागा वाटते.

ती शाळा मात्र आहे तशी पाहून घ्या. अमेरिकन स्कूल कौन्सेलर असोसिएशन एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत असे म्हणते. प्रत्यक्षात देशाची सरासरी अलीकडे ३७० च्या वर राहिली आहे. तुमच्या राज्याच्या कायद्यातच लिहिले आहे की समुपदेशकाचा किमान ८० टक्के वेळ विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष सेवेत जावा आणि प्रमाणित परीक्षांचे संयोजन त्याच्या गळ्यात घालू नये. तरीही वर्षाचे पहिले दोन आठवडे वेळापत्रके बदलून देण्यात जातात, बसच्या रांगेवर उभे राहावे लागते, आणि दारात तीन मुले पास हातात घेऊन थांबलेली असताना फोन वाजतो. आपल्याकडचे पालक तर हायस्कूलच्या समुपदेशकाला महाविद्यालय प्रवेशाचा अधिकारीच समजतात. तो समज निराधारही नाही, कारण या व्यवसायाची सुरुवात विसाव्या शतकाच्या आरंभी बोस्टनमध्ये तरुणांना व्यवसाय निवडायला मदत करण्यातून झाली, आणि स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहानंतर १९५८ च्या कायद्याने समुपदेशकांच्या प्रशिक्षणाला सरकारी पैसा मिळाला तोही विज्ञानात हुशार मुले हेरण्यासाठी. आज त्या कामाबरोबर दुःख, भीती, एकटेपणा, घरातली मारहाण हे सारे त्याच टेबलावर येते.

त्याची तयारी अभ्यासक्रमात कसून करून घेतली जाते. पॉक्सो कायद्यामुळे मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणे बंधनकारक असते, हे तुम्हाला पुण्यापासून ठाऊक असेल. नॉर्थ कॅरोलिनात मुलाचा छळ किंवा हेळसांड होत असल्याचा संशय घेण्यास कारण दिसले तर काउंटीच्या समाजसेवा विभागाला कळवण्याचे बंधन प्रत्येक व्यक्तीवर आहे. आधी मुख्याध्यापकांना विचारू, घरच्यांना बोलावून शहानिशा करू, ही आपल्याकडची चांगल्या हेतूची पद्धत इथे मुलाला धोक्यात घालू शकते, हे मनावर ठसेपर्यंत शिकवले जाते. ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ हा प्रश्न नेमक्या त्याच शब्दांत, आवाज न कापता विचारायलाही शिकवतात. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती खरी नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मूल बोलते. मी हा प्रश्न आरशासमोर कितीतरी वेळा म्हटला होता, आणि तरी पहिल्यांदा विचारताना माझे हात गार पडले होते.

आता वर्क परमिट आणि पैसा. एच-४ वर शिक्षण घेता येते. सशुल्क इंटर्नशिप, विद्यापीठातील असिस्टंटशिप (सहायकाचे पगारी काम) आणि पुढची नोकरी मात्र वर्क परमिटवर अवलंबून राहील, म्हणून त्याच्या नूतनीकरणाची तारीख इंटर्नशिपच्या वर्षात येते का ते पाहा आणि विनामोबदला इंटर्नशिपबद्दलही इमिग्रेशनच्या वकिलाचा लेखी सल्ला घ्या. महाराष्ट्र मंडळातल्या कोणाच्या अनुभवावर विसंबू नका. केंद्र सरकारची शैक्षणिक कर्जे एच-४ वर मिळत नाहीत. राज्यातल्या रहिवाशांची फी तुम्हाला लागू होते का, हे विद्यापीठाच्या संबंधित कार्यालयाकडून लेखी घ्या, कारण त्या एका उत्तराने खर्चाचा आकडा फार बदलतो.

उच्चारांच्या धास्तीविषयी अनुभवाने सांगते की मुलांचे कान उच्चारांना आठवड्याभरात सरावतात. त्यांना तुमचे लक्ष दुसरीकडे गेलेले मात्र लगेच कळते. एखादा शब्द समजला नाही तर ‘पुन्हा सांगशील का, मला नीट ऐकायचे आहे’ असे म्हणण्यात कमीपणा नाही. घरी वेगळी भाषा आणि शाळेत वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलाला त्याने धीरच येतो. वेक काउंटीत अशी मुले थोडीथोडकी नाहीत.

माझ्या मते तुम्हाला काळजी घ्यावी लागेल ती वेगळ्याच ठिकाणी. कॅरी आणि आसपास आपला समाज मोठा आहे आणि शाळेतले पालक सणासुदीला भेटतातच. एका वर्षी मंडळाच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभी असताना एका आईने माझ्या हातावर हात ठेवून हळूच विचारले, ‘आमचा येतो का हो तुमच्याकडे? काय बोलतो?’ तिच्या डोळ्यांत काळजीच होती. पण येतो म्हटले काय आणि येत नाही म्हटले काय, दोन्ही उत्तरेच ठरली असती, आणि चार पावलांवर तो मुलगा मोदकाचे ताट धरून आमच्याकडे पाहत होता. शाळेतले शाळेतच बोलू या, उद्या सकाळी फोन करा, मी वेळ ठेवते, असे मी म्हटले. तिला ते तुटक वाटले आणि काही महिने तिने मला टाळलेही. समुपदेशकाकडे जाणे म्हणजे मुलात काही वैगुण्य, असे आपल्याकडे अजून मानतात, त्यामुळे तुमच्यासारखी मराठी बोलणारी व्यक्ती शाळेत असणे हा अशा घरांना मोठा आधार होईल. मात्र तो आधार टिकण्यासाठी प्रसादाच्या रांगेत तुम्हाला कोणाची मावशी होता येणार नाही. पालकांचे हक्क, मुलाच्या शालेय नोंदींबाबतचा १९७४ चा फर्पा कायदा, स्वतःच्या आठवणीसाठी ठेवलेल्या आणि कोणाला न दाखवलेल्या टिपणांना त्यात असलेली सूट, हे सारे शिकताना ही रांग डोळ्यांसमोर ठेवा.

वयाबद्दल तुम्ही विचारलेत. माझ्या वर्गात तुमच्याहून मोठी दोन माणसे होती, आणि गटसमुपदेशनाच्या तासाला आम्ही सगळे त्यांच्याच शेजारी बसायला धडपडत असू.

पुढच्या महिन्याभरात दोन कामे करा. मुलीच्या शाळेतल्या कौन्सेलरला विचारून तिच्याबरोबर एक पूर्ण दिवस काढता येतो का ते पाहा. मुलांच्या खाजगी बैठकींत तुम्हाला बसू देणार नाहीत, ते योग्यच आहे, पण बाकीचा दिवस पाहूनही पुष्कळ कळेल. आणि पुणे विद्यापीठाकडून गुणपत्रके थेट मूल्यांकन संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था आजच सुरू करा. या कामाला वेळ लागू शकतो, आणि अनेक विद्यापीठांच्या अर्जाच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत संपतात. तुमच्या जुन्या मुख्याध्यापिकांना शिफारसपत्रासाठी फोन करताना, तुम्ही किती चांगले शिकवलेत यापेक्षा एखाद्या मुलाचे तुम्ही कसे ऐकून घेतलेत, त्याचा एक खरा प्रसंग त्यांनी लिहावा, असे आवर्जून सांगा.